जुनी गाडी, नवा डेक आणि तिसऱ्या दिवशी उतरणारी बॅटरी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की या सदराच्या टपालात वायरिंगच्या तक्रारींची संख्या वाढते. या वेळची बहुतेक पत्रे दहा वर्षांहून जुन्या आणि वापरलेल्या स्थितीत विकत घेतलेल्या गाड्यांविषयी आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातील दुखणे फार जणांचे आहे आणि त्यावर चुकीच्या ठिकाणी होणारा खर्चही मोठा आहे.

सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो असून दीड वर्षापूर्वी २००८ सालची एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. रोजचा वापर नाही. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि सोसायटीतल्या दोघा-तिघांना हाक मारून धक्का मारून घ्यावा लागतो. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच नवी घातली आहे. शिवाय चावी काढली की डेक घड्याळ आणि रेडिओची स्टेशने विसरतो. आधीच्या मालकाने डिकीत बेसचा खोका बसवला होता. खोका त्यांनी काढून नेला, ॲम्प्लिफायर मात्र सीटखाली तसाच आहे. ओळखीचे मेकॅनिक डायनॅमो बदलायला सांगतात. बदलावा का? — एक वाचक, कोथरूड

तूर्त बदलू नये. आधी मोजावे. पुण्याच्या तापकीर गल्लीत हजार रुपयांच्या आत बरा डिजिटल मल्टीमीटर मिळतो आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या घरात तो स्टेपनीइतकाच आवश्यक मानावा, असे माझे मत आहे. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी बोनेट उघडून, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळपास रिकामी. नंतर गाडी चालू करून, हेडलाईट व पंखा लावून, ॲक्सिलरेटर किंचित दाबून पुन्हा तेच मोजमाप घ्यावे. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान स्थिर राहिला तर डायनॅमो, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर, आपले काम करत आहे आणि तो बदलून आपली तक्रार जाणार नाही. गाडी चालू असतानाही आकडा साडेबाराच्या वर चढत नसेल, तरच मेकॅनिकचे म्हणणे विचारात घ्यावे. तेव्हाही आधी पट्ट्याचा ताण आणि डायनॅमोमागच्या जाड वायरीचा नट पाहून मगच.

आपल्या पत्रातली लक्षणे पाहता, गाडी बंद असताना काहीतरी करंट खात आहे असे दिसते. हे शोधण्याची रीत अशी. चावी काढावी, सर्व दरवाजे बंद करावेत, डिकीचा व बोनेटचा दिवा असल्यास तो विझल्याची खात्री करावी. काचा एका बाजूला खाली ठेवाव्यात, कारण सेंट्रल लॉकिंग असलेली गाडी स्वतःला कुलूप लावून घेते आणि चावी आत राहते. हा धडा मी स्वतः भर उन्हात, सिंहगड रस्त्यावर शिकलो आहे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत लावावा: लाल टोक सुटलेल्या वायरीला, काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये किंवा हेडलाईट लावू नयेत, नाहीतर मीटरमधला फ्यूज क्षणात उडतो. काही डेक बॅटरी सुटल्यावर पुन्हा चालू होताना कोड मागतात. तसा कोड असलेला डेक असल्यास कागद आधी शोधून ठेवावा.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण काही उपकरणे जागी होतात. वीस मिनिटे थांबावे. त्यानंतर ०.०२ ते ०.०५ अँपिअर, म्हणजे २० ते ५० मिलिअँपिअर राहिले, तर ते घड्याळ व स्मृतीपुरते आहे आणि त्यात चिंतेचे काही नाही. ०.६ अँपिअर दिसले तर मात्र हिशेब करून पाहावा. दिवसाला जवळपास साडेचौदा अँपिअर-तास जातात. आपल्या आकाराच्या गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे दोन दिवसांत तिची चार पंचमांश ताकद संपते. आपले ‘दोन-तीन दिवस’ या हिशेबात अचूक बसतात.

आता फ्यूज एकेक करून काढावेत आणि प्रत्येक वेळी आकडा पाहावा. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, त्या फ्यूजवर चालणाऱ्या वस्तूंपैकी एक दोषी असते. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर दोन शक्यता उरतात: डायनॅमोतला गळका डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), किंवा बॅटरीवरून थेट ओढलेली वायर. आपल्या गाडीत मला दुसरीच दिसते. ॲम्प्लिफायरला बॅटरीवरून जाड वायर आलेली असते आणि त्याला चालू-बंद करणारी एक बारीक निळी, बहुतेकदा पांढऱ्या रेघेची निळी वायर डेककडून येते. डेक चालू झाला की या निळ्या वायरीत बारा व्होल्ट येतात, बंद झाला की जातात. ती डेकला न जोडता ॲम्प्लिफायरच्याच पॉझिटिव्ह टोकाला आखूड तुकड्याने जोडून टाकलेली मी कित्येकदा पाहिली आहे. असे केले की खोका असो वा नसो, ॲम्प्लिफायर चोवीस तास जागा राहतो. रात्री गाडी बंद केल्यानंतर दोन-तीन तासांनी सीटखाली हात घालून पाहावे. ॲम्प्लिफायरचा पत्रा कोमट लागला किंवा कोपऱ्यात बारीक लाल-हिरवा दिवा पेटलेला दिसला, तर मीटरचीही गरज नाही.

डेक विसरभोळा का झाला, याचे उत्तर याच गोष्टीत दडलेले असावे, असा माझा अंदाज आहे. डेकमागे पिवळी वायर कायम बारा व्होल्टची असते, तिच्यावर स्मृती आणि मुख्य वीज चालते. लाल वायर चावीवर, म्हणजे ॲक्सेसरीच्या स्थितीवर असते आणि डेकला ‘आता जागा हो’ एवढेच सांगते. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर. पूर्वी कोणीतरी बॅटरी उतरते म्हणून डेकवर संशय घेतला असेल आणि पिवळी वायर लालला जोडून दोन्ही चावीवर घेतल्या असतील. त्यामुळे डेक स्मृती गमावू लागला आणि बॅटरी पूर्वीसारखीच उतरत राहिली, कारण खरा चोर सीटखाली होता. (उलट चूक झाली, म्हणजे लाल वायर पिवळीला जोडून दोन्ही कायम विजेवर घेतल्या, तर चावी काढूनही डेक वाजत राहतो.)

खात्री करण्यासाठी डेक बाहेर ओढून, कपलर (वायरींची प्लगसारखी जोडणी) सोडवून, गाडीच्या बाजूला मोजावे. चावी काढलेली असताना एका वायरीवर बारा व्होल्ट मिळाले पाहिजेत आणि दुसरीवर फक्त चावी फिरवल्यावर. रंगांवर पूर्ण विसंबू नये. वर सांगितलेले रंग डेकच्या बाजूचे आहेत, गाडीच्या कंपनीचे रंग वेगळे असू शकतात आणि जो सर्वसाधारण, ठरावीक मापाचा आयएसओ कपलर असतो त्यातही काही कंपन्या कायम विजेची आणि चावीची जागा अदलाबदल करतात. आणखी एक सूचना: मीटर बारा व्होल्ट दाखवतो म्हणून वायर चांगली, असे समजू नये. सात धाग्यांपैकी सहा तुटलेली वायरसुद्धा मीटरला बारा दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. तिथे दहा-वीस वॅटचा बल्ब लावून पाहावा. बल्ब भगभगीत पेटला तर वायर खरी, मिणमिणला तर खोटी.

ॲम्प्लिफायर वापरायचा नसेल तर त्याची जाड वायर बॅटरीपाशीच सोडवून काढून टाकावी, नुसती सीटखाली टेप लावून सोडू नये. वापरायचा असेल तर त्या वायरीत बॅटरीपासून साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज आहे की नाही ते पाहावे. नसेल, तर डायनॅमो, डेक, घड्याळ हे सगळे बाजूला ठेवून ते काम आजच करून घ्यावे. पत्र्याच्या कडेवर घासून सोलवटलेली जाड वायर गाडी पेटवू शकते.

गाणी लावली की मागून ‘ऊँऽऽ’ असा बारीक सूर येतो. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. नवीन स्पीकर घातले तरी फरक नाही. फोन ऑक्स केबलने लावतो. — एक वाचक, पिंपरी

इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारा सूर हा डायनॅमोचा असतो, स्पीकरचा नव्हे. स्पीकरचे पैसे वाया गेले याचे वाईट वाटते. पत्रात एक तपशील आपण लिहिलेला नाही: फोन त्या वेळी सिगारेट लायटरच्या खोबणीतून चार्जही होत असतो का? बहुधा होत असावा. तसे असेल तर गाडी चालू ठेवून चार्जरची पिन काढावी. सूर त्याच क्षणी बंद झाला, तर कारण सापडले. फोनला अर्थ दोन वाटांनी मिळतो, एक चार्जरमधून आणि एक ऑक्स केबलच्या आवरणातून डेकमार्गे. या दोन वाटांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो आणि तो फरकच आपल्याला गाण्याबरोबर ऐकू येतो. ऑक्स केबलमध्ये घालायचा ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा डबा मिळतो; आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते ही दुहेरी वाट तोडतात. ब्लूटूथ असलेल्या डेकला याचीही गरज नाही.

चार्जर काढूनही सूर राहिला तर डेकची काळी वायर पाहावी. ती डॅशबोर्डमागच्या रंग लावलेल्या एखाद्या पट्टीला स्क्रूने दाबलेली असते. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, तिला बॉडीच्या पत्र्यावर घट्ट बसवावे. मीटरने तपासायचे तर डेक वाजत असताना त्याच्या धातूच्या पाठीवर एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरे टोक ठेवावे; ०.१ व्होल्टहून जास्त फरक दिसला तर अर्थ कच्ची आहे. आणि हे सगळे नीट असूनही सूर राहिला, शिवाय रात्री हेडलाईट बारीक थरथरताना दिसले, तर डायनॅमोतला एखादा डायोड गेलेला असू शकतो. मीटर एसीवर ठेवून, गाडी चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास एसी मिळाले, तर डायनॅमो उघडावा.

ब्रेक दाबला की उजव्या मागच्या बाजूचा ब्रेकचा दिवा लागत नाही, पण पार्किंगचे दिवे अंधूक पेटतात, समोरचेसुद्धा! इंडिकेटर दिला तर तो भराभर फडफडतो. बल्ब तीनदा बदलले. दर पावसाळ्यात असे होते आणि उन्हाळ्यात आपोआप बरे होते. — एक वाचक, सहकारनगर

या पत्रातले उद्गारचिन्ह योग्य जागी आहे, कारण हा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला भुताटकी वाटते. प्रत्यक्षात तो अगदी सरळ आहे. मागच्या दिव्यात बहुधा २१/५ वॅटचा, दोन तारांचा एकच बल्ब असतो: २१ वॅटची तार ब्रेकची, ५ वॅटची पार्किंगची, आणि दोघींची परतीची वाट एकच, होल्डरच्या अर्थमधून. ती अर्थ तुटली की ब्रेकचा करंट परतीसाठी वाट शोधतो. तो २१ वॅटच्या तारेतून उलटा ५ वॅटच्या तारेत शिरतो, तिथून पार्किंगच्या वायरीत आणि त्या वायरीवरच्या बाकी दिव्यांतून त्यांच्या अर्थला जातो. म्हणून ब्रेक दाबल्यावर पुढचे बारीक दिवे मिणमिणतात. बल्ब तीस वेळा बदलले तरी हे थांबणार नाही.

डिकीतली चटई उचलावी, उजवीकडचे आवरण काढावे. दिव्याच्या गुच्छातून येणारी काळी वायर पत्र्यावरच्या एका स्क्रूपाशी जाते. त्या स्क्रूवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असेल. स्क्रू काढून, पत्रा आणि थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दोन्ही सँडपेपरने चकचकीत करून, पुन्हा आवळावे आणि वर ग्रीसचा पातळ हात द्यावा. मग तिथे पाणी कुठून आले तेही शोधावे, नाहीतर पुढल्या वर्षी आपले पत्र पुन्हा येईल. मागच्या दिव्याचे जुने, कडक झालेले रबर हा पहिला संशयित. त्याच वेळी गाडीत पाणी शिरण्याची आणखी एक जागा पाहावी, पुढच्या काचेखालची वायपरची जाळी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे चिंचेचा पाला आणि गुलमोहराच्या पाकळ्या कुजून पाण्याची भोके बुजतात आणि पाणी डॅशबोर्डमागे, नेमके फ्यूज बॉक्सवर उतरते. जून लागण्यापूर्वी ती जाळी हाताने साफ करणे हे सर्व्हिसिंगच्या यादीत कोणी लिहीत नाही, पण मी ते काम दर वर्षी ऑइल बदलण्याआधी करतो.

मी महाविद्यालयात शिकतो. वडिलांच्या जुन्या गाडीत चार नवे स्पीकर स्वतः लावले. आवाज मोठा येतो पण पोकळ वाटतो, बेस नाहीच. एका दारातला स्पीकर मधूनमधून बंद पडतो आणि तेव्हा डेकही स्वतःला बंद करून घेतो. — एक वाचक, कात्रज

दोन चुका आहेत आणि दोन्ही पहिल्यांदा काम करणाऱ्याच्या हातून होतातच. पोकळ आवाजाचे कारण हे की एखाद्या स्पीकरचे अधिक-उणे उलट जोडले गेले आहे. एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढतो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. डेकची वायर सोडवून, स्पीकरच्या दोन टोकांना घड्याळातला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. कागदी पडदा बाहेर उसळला तर सेलचे अधिक टोक जिथे आहे ते स्पीकरचे अधिक. डेककडचे रंग असे: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळ्या रेघेची तीच वायर त्या-त्या स्पीकरचे उणे.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. मधूनमधून बंद पडणाऱ्या दारातली वायर बिजागरीपाशी सोलवटून पत्र्याला लागत असणार. दार उघडताना-मिटताना ती तिथेच वाकते. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या उण्या वायरीवरही सुमारे सहा व्होल्ट असतात, ती अर्थ नसते. तिचा पत्र्याला स्पर्श झाला की डेक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि दर वेळी वाचेलच असे नाही. फार जुन्या गाड्यांत सगळ्या स्पीकरांचे उणे बॉडीला जोडलेले असायचे. ती वायरिंग तशीच ठेवून नवा डेक जोडण्याचा उद्योग मी ऐन उमेदीत केला होता आणि नाना पेठेतून सकाळी आणलेला डेक संध्याकाळी जळका वास देऊन शांत झाला. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र, सलग वायरी डेकपर्यंत न्याव्यात आणि दाराच्या सांध्यात त्या रबरी नळीतूनच घालाव्यात. एकाच जोडणीवर दोन स्पीकर समांतर जोडू नयेत. चार ओहमचे दोन मिळून दोन ओहम होतात आणि डेक तापतो.

डेकचा १० अँपिअरचा फ्यूज वरचेवर उडतो. फिटरने २० चा घातला, तेव्हापासून उडत नाही. ठीक आहे ना? — एक वाचक, हडपसर

नाही. फ्यूज डेकला नव्हे, वायरीला वाचवतो. दहाच्या वायरीतून आता वीस अँपिअरपर्यंत करंट जाऊ दिला जातो, म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर वितळेल. पिवळा काढून पुन्हा लाल घालावा (लाल १०, निळा १५, पिवळा २०, हे रंग सर्व पात्यांच्या फ्यूजना सारखेच असतात) आणि उडण्याचे कारण शोधावे. डेकचा कपलर सोडवूनही उडत असेल तर दोष गाडीच्या वायरीत, सोडवल्यावर थांबत असेल तर डेकमध्ये किंवा त्याच्या पुढे. सिगारेट लायटर त्याच फ्यूजवर असेल तर त्या खोबणीत एखादे नाणे पडले आहे का, तेही टॉर्चने पाहावे; हसू येईल, पण दोनदा सापडले आहे.

उंदरांनी बोनेटखालची वायरिंग कुरतडली. टेप लावून घेतली आहे. तंबाखूची पाने ठेवावीत असे सांगतात. उपयोग होतो का? — एक वाचक, औंध

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. तंबाखूचा वास पहिले काही दिवस उंदराला आवडत नाही, नंतर तो सरावतो. पाने ठेवायची तर दर आठवड्याला बदलावीत. त्यापेक्षा गाडी एकाच जागी दिवसेंदिवस उभी न ठेवणे आणि आत पोह्यांचा डबा किंवा बिस्किटांचा चुरा न ठेवणे अधिक लागू पडते. टेप मात्र काढून पाहावी: बोनेटखालच्या उष्णतेने तिचा गोंद दोन उन्हाळ्यांत वितळतो आणि खालचा सांधा उघडा पडतो. प्रत्येक सांधा सोल्डर करून किंवा नीट दाबून, त्यावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवून घ्यावी, आणि दोन शेजारच्या वायरींचे सांधे एकाच रेषेत न ठेवता बोटभर मागे-पुढे करावेत, म्हणजे एखादी स्लीव्ह फाटली तरी ते एकमेकांना लागणार नाहीत.